कोटाची वंशावळ

तीर्थरूप आत्यास,

तुझ्या धाकट्या भावाच्या एकुलत्या एक चिरंजीवाचा नमस्कार. साष्टांग घालायचा होता, पण कंबर धरली आहे, तेव्हा तो खुर्चीत बसूनच घातला आहे असं समजून घ्यावं. आपली प्रकृती उत्तम असेल, गुडघा फार कुरकुरत नसेल, आणि शेजाऱ्यांनी गाडी मागे कशी घ्यावी हे आपण अजूनही खिडकीतून ओरडून सांगत असाल, अशी आशा आहे. (मोठ्यांना पत्रात 'आपण' म्हणावं असं बाबांनी शिकवलं होतं. एक वाक्य म्हटलं, त्यांचा मान राहिला. आता तू.) इकडे सगळं क्षेम आहे. म्हणजे घराण्यात सध्या कुणीच कुणाशी बोलत नाही, त्यामुळे भांडणं बंद आहेत. फोन केला असता, पण फोनवर तू माझं अर्धं वाक्य व्हायच्या आत 'बरं, ठेव आता' म्हणतेस, आणि जे सांगायचं आहे ते अर्ध्या वाक्यात मावणारं नाही.

तर झालं असं. आपला दादा, म्हणजे थोरल्या काकांचा मुलगा, ज्याला आम्ही सगळे पाठीमागे अध्यक्ष म्हणतो (तोंडावर म्हटलं तर तो खूश होईल, म्हणून म्हणत नाही), येत्या महिन्यात साठ वर्षांचा होतोय. माणसं साठाव्या वर्षी रक्तदाब तपासून घेतात. ह्याने घराण्याचा वंशवृक्ष काढायला घेतला, तोही कागदावर नाही, दिवाणखान्याच्या भिंतीवर, जमिनीपासून छतापर्यंत. एरवी दुकानांच्या पाट्या रंगवणारा एक पेंटर त्यासाठी आणला आहे. त्याने आयुष्यात झाड कधी काढलेलं नसल्यामुळे बुंधा विजेच्या खांबासारखा आला आहे. बुंध्यात आजोबा, त्यातून निघालेल्या चार फांद्या म्हणजे त्यांचे चार मुलगे, आणि मग पुढे आम्ही सगळे डहाळ्या. सुना म्हणजे फुलं. मुलींचं काय, असं माझ्या बायकोने विचारलं, तेव्हा अध्यक्ष म्हणाला की मुली म्हणजे पानं, आणि पानांवर नावं कोण लिहितं? त्यामुळे आत्या, त्या भिंतीवर तू आहेस, पण नक्की कुठलं पान ते पेंटरलाही सांगता येणार नाही.

झाडाच्या ऐन शेंड्यावर एक मोठं वर्तुळ राखून ठेवलं आहे. तिथे दुसऱ्या महायुद्धात लढलेल्या आपल्या घराण्यातल्या शूर शिपायाचा गणवेशातला फोटो बघून चित्र काढायचं, त्याभोवती सोनेरी रंग द्यायचा आणि समारंभात त्यावरचा पडदा ओढायचा असा बेत. बेत चांगला होता. घोळ एवढाच झाला की अध्यक्षाने फांद्यांवर रंगवायला चारही घरांतून फोटो मागवले आणि गणवेशातले फोटो चार आले.

म्हणजे थोरल्या काकांचा एक, मधल्या काकांचा एक, तिसऱ्या काकांचा एक आणि आमच्या बाबांचा एक. चौघंही तरुण, चौघंही मिशीवाले, चौघंही लष्करी कोटात. आणि चारही घरांत आजवर हेच सांगितलं गेलेलं की चार भावांपैकी लढाईवर गेले ते फक्त आपले बाबा, बाकीचे घरात बसून होते. एवढी वर्षं आपण सगळे एकमेकांच्या घरी जेवलो, पण हा विषय एकदाही चौघांच्या मुलांमध्ये एकत्र निघाला नाही, कारण प्रत्येकाला वाटायचं की बाकीच्यांना उगाच खजील कशाला करा. असा आपला समजूतदारपणा.

मग अध्यक्षाने बैठक बोलावली. फोटो टेबलावर मांडले. थोरले काका मान अशी ताठ करून उभे आहेत की पाहणाऱ्याची मान दुखावी. 'ही शिस्त!' अध्यक्ष म्हणाला. मधल्या काकांच्या फोटोत चेहरा विलक्षण गंभीर आहे. त्यांचा मुलगा, आपला दंतवैद्य, म्हणाला की ज्याने समोर मरण पाहिलंय त्याचाच चेहरा असा होतो. तिसऱ्या काकांनी कोटाची खालची गुंडी उघडी ठेवली आहे, ती म्हणे आघाडीवरच्या सैनिकांची खास ऐट. बाबांच्या फोटोत दोन्ही हात मागे बांधलेले. ते विश्रामच्या पवित्र्यात आहेत असं मी ठासून सांगितलं. मग पुरावा म्हणून प्रत्येकाने एकच गोष्ट सांगितली, की आमचे बाबा लढाईबद्दल जन्मात कधी ब्र काढत नसत. खूप भोगलेली माणसं बोलत नाहीत. ही एक गोष्ट चारही शाखांत शब्दशः सारखी निघाली, तेव्हा खरं म्हणजे तिथेच कुणाच्या तरी डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. पडला नाही. उलट बैठकीत आवाज चढले, दंतवैद्याने चहा न घेता काढता पाय घेतला, आणि तेव्हापासून ही शांतता आहे.

आता माझं खरं सांगतो. मला ते वर्तुळ बाबांसाठी हवं होतं. तुला माहीत आहे बाबांना घरात काय मान होता. शेंडेफळ, घड्याळं खोलून बसणारा, कुठे धड नोकरी न टिकवलेला. थोरले काका कापडाच्या दुकानात मुनीम, मधले वकिलाच्या हाताखाली, तिसरे कंत्राटदार, आणि आमचे बाबा डोळ्याला भिंग लावून लोकांच्या घड्याळात फुंकर मारणार. बैठकीत अध्यक्ष म्हणालासुद्धा, 'धाकटे काका? त्यांनी हौस म्हणून कुणाचा तरी कोट घालून फोटो काढला असेल.' सगळे हसले. मी पाणीपुरवठा खात्यातून मुदतीआधी निवृत्त झालेला माणूस आहे, मला लोकांच्या हसण्याची सवय आहे, पण बाबांवर हसलेलं मला लागलं. म्हणून मी उठून म्हणालो की मी शोध लावतो. सगळ्यांनी लगेच मान्य केलं, कारण मला वेळ आहे हे माझ्याबद्दलचं एकमेव मत सगळ्या घराण्यात सारखं आहे.

पहिल्यांदा गेलो जुन्या लष्करी नोंदींच्या कचेरीत. तिथे एका खिडकीमागे एक कारकून बसतो. तो माणसाकडे बघत नाही, माणसाच्या मागच्या भिंतीवरच्या पंख्याकडे बघतो. त्याने शिपायाचा सेवाक्रमांक विचारला. मी म्हटलं, तोच तर शोधायला आलोय. तो म्हणाला, क्रमांक सापडेल, पण त्यासाठी क्रमांक द्यावा लागेल. मी खात्यात आयुष्यभर लोकांना पाण्याच्या मीटरबद्दल हेच सांगत आलो असल्यामुळे मला त्याच्याबद्दल आपुलकीच वाटली. शेवटी चार नावं दिली, चार अर्ज भरले. अर्जात एक रकाना होता, शिपाई पुरुष की स्त्री. मी चारही ठिकाणी पुरुष लिहिलं आणि वर त्याला ऐकवलं की असले निरर्थक रकाने घालूनच सरकार कागद वाया घालवतं. तो पंख्याकडे बघत म्हणाला, 'असतात हो बायकाही.' मी मोठ्याने हसलो, आत्या. हे लक्षात ठेव, मला ते पुढे फार नडलं. पुढच्या आठवड्यात उत्तर आलं की ह्या चार नावांचा कुणीही शिपाई कधीही भरती झालेला नाही.

मी अर्थातच उत्तर चुकीचं आहे असं ठरवलं. कागद हरवले असणार, जळाले असणार, उंदरांनी खाल्ले असणार. पण माझ्याकडे कागदापेक्षा मोठा पुरावा होता, तो म्हणजे कोट. खुद्द तो कोट आमच्याकडे आहे. चार भावांत बाबांचं लग्न सगळ्यांत शेवटी झालं, आणि कोट आमच्या घरी राहिला. बाबा दर वर्षी ट्रंकेतून तो काढायचे, खुर्चीच्या पाठीला घालून उन्हात ठेवायचे आणि त्याच्या शेजारी बसून राहायचे. आम्हाला हात लावू द्यायचे नाहीत. मी विचारलं की म्हणायचे, 'हा आपला नाही रे, परत द्यायचा आहे.' मला वाटायचं सरकारला परत द्यायचा असेल, आणि मनात यायचं की सरकारचा एक कोट इतक्या काळजीने सांभाळणारा हा माणूस किती इमानी शिपाई असला पाहिजे.

तर मी ठरवलं की हा कोट अंगात घालून अध्यक्षाच्या घरी जायचं. बोलायचं काहीच नाही, नुसतं उभं राहायचं. ट्रंकेतून काढला, डांबराच्या गोळ्यांच्या वासाने तीनदा शिंकलो आणि घातला. घातला म्हणजे एक हात गेला. दुसरा हात अर्धा गेला आणि तिथेच थांबला, पुढेही जाईना आणि मागेही येईना. बाह्या मनगटाच्या बऱ्याच वर संपल्या. गुंडी लावायला गेलो तर गुंडी सापडेना, कारण मी उजव्या बाजूला चाचपत होतो आणि गुंड्या होत्या डाव्या बाजूला. असा अर्धवट अडकलेला मी खोलीभर फिरत असताना बायको आली. तिने आधी दार लावून घेतलं. मग मला फिरवून, खेचून, एका बाहीतून मोकळं केलं आणि कोट उजेडात धरून म्हणाली, 'अहो, हा बायकांचा आहे.'

मी म्हटलं, काहीतरीच काय. ती म्हणाली की पुरुषांच्या कोटाच्या गुंड्या उजवीकडे असतात, बायकांच्या डावीकडे, हे अख्ख्या जगाला माहीत आहे. आणि हे बघा, कमरेत घेतलाय, छातीला टक्स आहेत. पुरुषांच्या कोटाला टक्स कशाला? मी शोधासाठी घेऊन ठेवलेले फोटो बाहेर काढले. भिंग लावून चारही बघितले. चारही फोटोंत तोच कोट, तेच टक्स, आणि गुंड्या चौघांच्याही बायकी बाजूला. मग मला एकेकाचं शौर्य दिसायला लागलं. थोरल्या काकांची मान ताठ आहे कारण गळपट्टी गळ्याला आवळतेय. मधल्या काकांनी मरण पाहिलेलं नाही, श्वास रोखून धरलाय. तिसऱ्या काकांची गुंडी उघडी आहे कारण ती लागतच नाही. आणि बाबांचे हात मागे आहेत कारण बाह्या आखूड आहेत. मी जमिनीवर बसून इतका हसलो की बायकोने पाणी आणलं, आणि मग हसणं थांबल्यावर मला एकदम रिकामं वाटलं, कारण बाबांचं वर्तुळ गेलं होतं.

पण कोट मग कुणाचा? हे सांगणारी एकच व्यक्ती आता तुझ्याखेरीज उरली आहे, ती म्हणजे थोरली काकू. अध्यक्षाची सख्खी आई. ती त्याच दिवाणखान्यात कोपऱ्यातल्या आरामखुर्चीत बसलेली असते, सगळ्या बैठका तिच्यासमोर होतात, आणि तिला ऐकू येत नाही असं सगळ्यांनी ठरवून टाकलं आहे. अध्यक्ष पेंटरला घेऊन सोनेरी रंग आणायला गेलेला बघून मी गेलो. कोट तिच्या मांडीवर ठेवला. मी तिच्या कानाशी ओरडायच्या तयारीत होतो, तेवढ्यात ती अगदी साध्या आवाजात म्हणाली, 'हा वन्संचा. तुझ्याकडे होता होय?'

वन्सं म्हणजे तू. काकूला नणंद एकच.

तिने सगळं सांगितलं, चहा गार होईपर्यंत. बायकांच्या पलटणीत तू मोटारी चालवायला गेली होतीस. मोठाले ट्रक, रुग्णवाहिका, जे देतील ते. आजोबांनी गावात सांगितलं की मुलगी मामाकडे टायपिंग शिकायला गेली आहे. लढाई संपेपर्यंत तू टायपिंगच शिकत होतीस! एवढ्या वेळात माणूस टाइपरायटर बनवायला शिकेल, पण कुणी काही विचारलं नाही. परत आलीस तेव्हा आजोबांनी फर्मान काढलं की हा विषय बंद. फौजेत राहून आलेल्या मुलीला कोण करून घेणार? आणि त्याच आठवड्यात तुझा कोट थोरल्या काकांच्या अंगात चढवून फोटो काढला, कारण फौजेत राहून आलेल्या मुलासाठी स्थळांची रांग लागते. तो फोटो काकूच्या माहेरी गेला. पुढे मधल्या काकांच्या वेळी तोच कोट, तिसऱ्यांच्या वेळी तोच, बाबांच्या वेळी तोच. चार लग्नं लागली त्या कोटावर, आत्या. ज्याच्यामुळे तुझं लग्न अडेल अशी भीती होती त्या कोटावर.

काकू म्हणाली, 'मला फोटो दाखवला फौजी माणसाचा. लग्न होऊन आले तर नवरा कापड मोजतोय, आणि फौजी ती नणंद.' मी विचारलं, मग तू कधी बोलली नाहीस? तर म्हणाली, कशाला बोलू, नवरा बरा होता. आणि इतकी वर्षं हे लोक तुझ्यासमोर भांडतायत तरी? तर म्हणाली, मला विचारलंय कुणी? हे मात्र तिने जरा ओरडूनच विचारलं.

मग मला एकेक आठवायला लागलं. तिसऱ्या काकांच्या मुलीच्या लग्नात वऱ्हाडाचा ट्रक घाटात बंद पडला, ड्रायव्हर कपाळाला हात लावून बसला, आणि तू पदर खोचून बॉनेटखाली शिरलीस. ट्रक चालू झाला तेव्हा सगळे म्हणाले, योगायोग. मी पहिल्यांदा गाडी शिकलो तेव्हा आरशात बघून मागे घ्यायला तू शिकवलंस, आणि चुकलो की अशा काही शिव्या दिल्यास ज्या टायपिंगच्या क्लासात शिकवत नाहीत. चादरीच्या कोपऱ्यांची तुझ्यासारखी बराकीतली घडी आमच्या घराण्यात कुणी घालत नाही. सगळं डोळ्यांसमोर होतं. आम्ही झाडाच्या शेंड्याकडे बघत बसलो.

मला राग आला, आत्या. आजोबांचा आला, चौघांचाही आला, आणि बाबांचा थोडा जास्त, कारण ते मला सांगू शकले असते. पण मग एक आठवलं. तू आमच्याकडे यायचीस तेव्हा बाबा तो कोट काढून तुझ्यासमोर ठेवायचे, आणि तू त्याच्या बाहीवरून हात फिरवून म्हणायचीस, 'राहू दे रे, तुझ्याकडेच बरा आहे.' मला वाटायचं बहीण भावाचं कौतुक करतेय. परत द्यायचा आहे, परत द्यायचा आहे, असं ते जन्मभर म्हणत राहिले ते सरकारबद्दल नव्हतं. चौघांनी तो कोट घातला, पण तो आपला नाही हे बाबांनीच म्हटलं. वर्तुळ गेलं ते गेलं, मला एवढं पुरतं.

काकूची मात्र एक अट आहे. ती म्हणते, गुपित वन्संचं आहे, त्यांनी चारचौघांत सांगितलं तर मी हो म्हणेन, त्यांनी नाही सांगितलं तर मला ऐकू येत नाही. तेव्हा सगळं तुझ्यावर आलं आहे. तू गप्प राहायचं ठरवलंस तर अध्यक्ष स्वतःच्या वडिलांना शेंड्यावर बसवणार, त्याने ठरवून टाकलं आहे, आणि तू त्या भिंतीवर पान राहशील. तुला तेच हवं असेल तर मी ह्या पत्राबद्दल ब्र काढणार नाही. पण तुला तेच हवं आहे असं तू आजवर कधी म्हणाली नाहीस. तुला कुणी विचारलंच नव्हतं. मी विचारतोय.

गुडघ्याला जप. बायकोने नमस्कार सांगितला आहे.

तुझा भाचा

ता.क. समारंभाला येशील ना? सगळं पत्र खरं तर एवढ्यासाठीच लिहिलं. गाडी घेऊन मी स्वतः न्यायला येईन. मागे घेताना शिव्या द्यायची मुभा आहे. पेंटरला मी रोज चहा पाजून शेंड्याचं वर्तुळ कोरं ठेवायला लावलं आहे. तो म्हणतो, कुणाचंही चित्र काढायला सांगा, पण मिशी नसलेलं असेल तर बरं, मिशी त्याला जमत नाही.

ता.क. दुसरा. अध्यक्षाला अजून काही सांगितलेलं नाही. ते तूच सांग. मी त्या वेळी पेंटरच्या शिडीमागे उभा असेन. आमच्या शाखेत शौर्य नाही हे आता पुराव्यानिशी सिद्ध झालं आहे.

ता.क. तिसरा आणि शेवटचा. सोबतच्या पार्सलात कोट आहे. उन्हात ठेवून, झटकून, माझ्या प्रयोगात उसवलेली बाही बायकोकडून शिवून घेऊन पाठवतोय. बाबांकडून द्यायचा राहिला होता, त्यांच्या वतीने परत करतो. ह्या खेपेला 'राहू दे रे' चालणार नाही. घालून बघ आणि घालूनच ये. गुंडी नाही लागली तरी बिघडत नाही. फोटो काढताना हात मात्र मागे बांधू नकोस, तुझ्या बाह्या तुला पुरतील.